बारा दिव्यांचं गणित : एक वातवाले गेले कुठे?

पारसिकचा_बोगदा | शुक्रवार, रात्री १०.४०

उपवनकाठ यांची 'बारा दिवे' ही मालिका इथले बरेच जण पहिल्या भागापासून वाचतायत, मीही. काल ४१वा भाग आला, त्याला पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा) देऊन झालंय. हा धागा वेगळा काढतोय, कारण हे सगळं तिथे लिहिलं असतं तर कथेच्या मध्येच आकडेमोडीचा चिखल झाला असता.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी: कातळदेशात तेराव्या वर्षी प्रत्येक पोराला बारा वातींच्या समईपुढे बसवतात. हात न लावता जितक्या वाती पेटतील तितकं त्याचं 'तेज'. बहुतेकांची एकही पेटत नाही. ज्यांची पेटते त्यांना घाटमाथ्यावरचं पीठ घेऊन जातं, घरचे रडतात, आणि कथा सुरू होते.

आता लेखिकेनेच दिलेले आकडे. भाग ३: देशाची वस्ती नऊ लाख, हजारात एकाची वात पेटते. भाग ५: पीठात दीडशेच्या वर साधक. भाग ७, थोरल्या गुरूंच्या तोंडी: पाच-सहा वाती लावणारे सगळ्यात जास्त, एक-दोनवाले थोडे, दहाच्या पुढचेही थोडे. भाग १२: बारा वाती लावणारा पिढीत एखादाच.

मी रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर शाफ्टचे व्यास मोजायचे आणि संध्याकाळी त्यांचे आलेख बघायचे. त्यामुळे सातव्या भागातलं ते वाक्य वाचलं तेव्हा ट्रान्सहार्बरच्या गर्दीत उभ्या उभ्याच अडकलो. ठाणं आलं तरी डोक्यातून जाईना.

गुरूंच्या मनात आहे तो घंटेच्या आकाराचा वक्र, म्हणजे प्रसामान्य वितरण. १७३३ मध्ये द म्वाव्हरला तो नाणेफेकीच्या गणितातून सापडला. बरीच लहान लहान कारणं एकमेकांत मिळवली जातात तिथे तो दिसतो. माणसांची उंची हे नेहमीचं उदाहरण. तेजही तसंच असेल, मला काही अडचण नाही. पण मग ते सगळ्या नऊ लाखांत तसं असेल. ज्याची एकही वात पेटत नाही त्याच्यात तेज शून्य आहे असं नाही, पहिली वात पेटायला लागतं त्यापेक्षा कमी आहे इतकंच. पहिली वात हे आमच्या भाषेत गेज झालं, म्हणजे पास-नापास ठरवणारं माप. त्यातून हजारात एक पार होतो, म्हणजे ते गेज सरासरीच्या वर ३.०९ सिग्मावर लावलंय (सिग्मा म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). तिथे घंटेचा माथा कधीच मागे पडलेला असतो. पुढे नुसता उतार.

बाराव्या वातीला देशात एकच माणूस उरावा असं धरलं, तर दोन वातींमधलं अंतर ०.१५ सिग्मा येतं. त्या हिशेबाने, किमान एक वात लावणारे ९००. किमान दोन लावणारे ५४०. पुढे ३१४, १८०, १०१, ५५, ३०, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. दर पायरीला निम्म्याहून थोडे जास्त उरतात. (अंतर पाव सिग्मा धरून पाहिलं होतं. मग बारावाला ३८ कोटींत एक निघतो. कातळदेशाला तो कधी दिसायचाच नाही.)

तर ९०० पैकी ३६० जण नेमकी एकच वात लावणारे. पाच-सहावाले दोन्ही मिळून ७१. गुरूंनी घंटा लावली ती निवडून आलेल्या माणसांना. माझ्या मते हे चुकलंय. काय म्हणता?

खाडीपूल | शुक्रवार, रात्री ११.०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). जादूलासुद्धा क्यूसीवाल्याने गाठलं. उद्या राक्षसांचा आयएसओ ऑडिट.

पण मग ३४व्या भागात बारा वातींचे तिघं एकदम कसे? दुर्गा, सोनजी आणि तो बोलत नसलेला पोरगा. पिढीत एखादा ना?

पारसिकचा_बोगदा | शुक्रवार, रात्री ११.२०

तेवढं चालतं. सरासरी एक असली म्हणजे प्रत्येक पिढीत मोजून एकच निघेल असं नाही. पॉयसाँच्या सूत्राने (क्वचित घडणारी गोष्ट किती वेळा घडेल ते त्यातून निघतं) ३७ टक्के वेळा एकही नसेल, ३७ टक्के वेळा एक, १८ टक्के वेळा दोन, आणि तीन किंवा जास्त असण्याची शक्यता ८ टक्के. बारा पिढ्यांत एकदा. मालिका त्या एका पिढीवर लिहिली, बस. शांत पिढीवर कोण लिहील?

मला खटकलं ते वेगळंच. तिघंही एकाच वाडीची.

मोगरा_७८ | शनिवार, सकाळी ७.१५

मला गणित येत नाही, आधीच सांगते. तरी शंका आहे. पीठात सगळे तेजवाले जमले, तरी त्यांच्यातही कोणी कमी, कोणी मधले, कोणी जास्त असणारच ना? मग मधले जास्त का नसावेत? आमच्या मुलीच्या वर्गात सगळ्या नव्वद टक्केवाल्या घेतल्या होत्या. त्यांच्यातही पुन्हा हुशार, मध्यम, ढ असं झालंच की.

पेटीवाला | शनिवार, दुपारी १.५०

ताई, एप्रिलात वाशीला आमच्या गाळ्यावर या, दाखवतो.

मी फळबाजारात आहे, हापूसच्या सिझनला पहाटे तीनला गाळा उघडतो. बागेत झाडावर फळ सगळ्या मापाचं असतं. लहान, मध्यम, मोठं, आणि मध्यम सगळ्यात जास्त. हे झालं बोगदाभाऊंचं घंटेचं प्रकरण. आमच्याकडे येतं ते मात्र निवडून. पेटीत जितके डझन कमी तितकं फळ मोठं. आठ डझनी, सहा डझनी, पाच, चार. मोठ्या फळाच्या पेट्या थोड्या, हे सगळ्यांना ठाऊक.

आता चार डझनीची पेटी फोडा. वरचा पेंढा बाजूला करा आणि एक एक फळ हातात घेऊन बघा. नवीन पोराला सगळी सारखी वाटतात. पंचवीस वर्षं हातावर तोललेल्याला कळतं की बहुतेक फळं जेमतेम त्या मापाची आहेत, थोडी कमी असती तर पाच डझनीत गेली असती. खरोखर दांडगं फळ दोन-तीन. ते आम्ही वरच्या थरात डोळ्यांसमोर ठेवतो, हे सांगायला नको होतं खरं तर.

मधलं फळ जास्त असतं ते झाडावर. पेटीत काठावरचं जास्त.

मोगरा_७८ | शनिवार, दुपारी २.३०

आता समजलं. आणि वरच्या थराचं आधीपासून माहीत होतं.

लाटकर | शनिवार, रात्री ९.१०

कोपरखैरण्याहून एक स्थापत्यवाला. बोगदा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरून पुढे गेलात. वात हे माप कसलं आहे?

भाग १९ परत काढा. पाच वातींची बाई पाण्याची घागर उचलते. सहावाला भरलेला रांजण. सातवाला बैलासकट गाडी. ही बेरजेची चढण नाही, गुणाकाराची आहे. असं माप आपल्या ओळखीचं आहे, भूकंपाचं. रिश्टरने १९३५ मध्ये ते लॉगवर, म्हणजे दसपटीच्या पायऱ्यांवर बसवलं. एक अंक वाढला की आलेखावरची लाट दसपट, आणि ऊर्जा साधारण ३२ पट. दोन अंक वाढले तर ऊर्जा हजारपट. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झाला तो सहाच्या वरचा. चारच्या धक्क्याला आपण पंखा हलतोय का बघतो, तिथे गावं आडवी झाली.

म्हणजे वाती घंटेवर बसतीलही, पण खरी ताकद बसणार नाही. ती एका बाजूला लांबच लांब शेपटी असलेली असेल. असल्या तेजात कारणं मिळवली जात नाहीत, एकमेकांनी गुणली जातात. रक्त चांगलं आणि गुरू चांगला आणि खायला पोटभर, यातलं एक जरी शून्याजवळ गेलं तरी सगळं गेलं.

दुसरं. ही निम्म्या-निम्म्याची उतरंड पाहून 'घंटाच असणार' असं म्हणता येत नाही. भूकंपांतही एक अंक खाली आलं की धक्क्यांची संख्या साधारण दसपट होते, आणि तिथे घंटेचा संबंध नाही. फरक टोकाला कळतो. घंटेत पुढे पुढे गळती वाढत जाते. तुमच्याच आकड्यांत बघा, पहिल्या पायरीला ६० टक्के उरले, शेवटच्या पायरीला ५०. दुसऱ्या प्रकारात गळतीचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे अचाट माणूस अधूनमधून निघतोच.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. घंटा लावून हिशेब करणाऱ्याने असा दिवस कधी येणारच नाही म्हणून सांगितलं असतं. मी त्या रात्री विक्रोळीला एका बंद पेट्रोलपंपाच्या कठड्यावर बसून काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याला चालत पोचलो. तेव्हापासून शेपटीबद्दल मला आदर आहे.

खाडीपूल | शनिवार, रात्री ९.२५

+१. बाकी बैलासकट गाडी उचलणाऱ्याला घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला उभा करा. पुण्य लागेल.

पारसिकचा_बोगदा | शनिवार, रात्री १०.००

लाटकर, मान्य. मी वात हेच माप धरलं, कारण मालिकेत मोजतात ती वातच. घागर-रांजणाचा भाग मी विसरलोच होतो. पण माझा मूळ मुद्दा तुमच्या शेपटीतही तसाच राहतो. कुठलीही उतरती शेपटी घ्या, गेजच्या काठावर गर्दी, पुढे विरळ. पाच-सहाला फुगवटा येत नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक | रविवार, सकाळी ११.३०

नौपाड्यातून लिहितो आहे. गणित शिकवण्यात ३४ वर्षे गेली. सर्वांचे प्रतिसाद वाचले, आनंद झाला. एक किरकोळ दुरुस्ती करून मुद्द्याकडे येतो. बोगदा, 'गळती वाढते' हे लाटकरांनी दाखवले ते आपण धाग्यातच सांगायला हवे होते. आकडे आपलेच होते.

फुगवटा येत नाही असे आपण ठामपणे म्हणता. येऊ शकतो. उत्तीर्णतेला ३५ गुण लागत असलेल्या पेपरांचे गठ्ठे मी वर्षानुवर्षे तपासले. ३४ हा आकडा मी आयुष्यात कुणाच्या पेपरावर ठेवला नाही. ३१ असायचे, ३५ असायचे, आणि ३५ पुष्कळ असायचे. एखादे समीकरण पुन्हा वाचायचे, अर्धा गुण इथे, अर्धा तिथे. मोजणारा माणूस असला की वक्राला काठापाशी खड्डा पडतो आणि शेजारी उंचवटा येतो.

याहून जुने उदाहरण सांगतो. केतले नावाचा बेल्जियन गणिती होता. १८४६ च्या पुस्तकात त्याने स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घंटेवर बसवून दाखवली, ती प्रसिद्ध आहेत. त्याच सुमारास त्याने फ्रान्समधल्या एक लाख तरुणांच्या उंचीची नोंद तपासली. १५७ सेंटिमीटरपेक्षा बुटक्याला सैन्यात जावे लागत नसे. घंटेच्या हिशेबाने जितके बुटके निघायला हवेत त्यापेक्षा सुमारे दोन हजार जास्त निघाले, आणि त्या रेषेच्या लगेच वर तितकी तूट. पोरे काही रातोरात खुजी झाली नव्हती. मोजपट्टीखाली गुडघे वाकवले असतील, नोंदणाऱ्याला काही दिले असेल. केतलेने एकाही पोराला न पाहता चोरी पकडली.

उपवनकाठ, आपल्या दुसऱ्या भागात आई मुलीच्या समईची पहिली वात पदराच्या ओल्या टोकाने दाबते. मुलगी शून्य ठरते आणि घरी राहते. मी ते वाचताना केतलेचीच आठवण काढली होती. आपण मुद्दाम लिहिले होते का?

उपवनकाठ | रविवार, रात्री ८.४५

दोन दिवस नुसती वाचत होते. घरच्यांना वाटतंय मी ऑफिसचं काही करतेय.

खरं सांगते. सातवा भाग लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एफवायच्या वहीतला तो वक्र होता, हिरव्या पेनाने काढलेला. मध्ये फुगीर, दोन्हीकडे उतरता. पीठातल्या लोकांना तो लावला आणि पुढे गेले. निवडीनंतर तो उरत नाही हे डोक्यातच आलं नाही. बोगदा, चूक मान्य. तिन्ही बारावाले एका वाडीतले हीसुद्धा, म्हणजे तो योगायोग नाही, पण त्याचं कारण ४५व्या भागात येतंय, आता फोडत नाही.

पर्यवेक्षक सर, नाही, मुद्दाम नव्हतं. त्या आईचं भय दाखवायचं होतं, एवढंच. तिला मी नावही दिलं नाही. तिचा प्रसंग अकरा ओळींचा आहे आणि नंतर ती परत येत नाही.

पण तुमचं वाचल्यावर २६वा भाग उघडला. तिथे तो न बोलणारा पोरगा पावसात भिजलेली समई पेटवतो. म्हणजे ओली वात कमी तेजवाल्याला अडवते, जास्तवाल्याला अडवत नाही. शिवाय पाच वातींपासून पुढे गडावर नेमणूक आणि वतन मिळतं, हे नवव्या भागात आहे, म्हणजे तिथून पुढच्यांना घरचे स्वतःच पाठवत असणार. मग एक-दोनवाले पीठात थोडे आणि पाच-सहावाले जास्त हे बरोबर निघू शकतं का? हिशेब मला जमणार नाही.

पारसिकचा_बोगदा | रविवार, रात्री १०.५०

जेवण सोडून बसलो. निघतं.

माझे नऊशे नेमक्या वातींप्रमाणे असे पडतात: एकवाले ३६०, दोनवाले २२६, तीन १३४, चार ७९, पाच ४६, सहा २५, सात १४, आठ ८, नऊ ४, दहा २, अकरा १, बारा १.

आता पीठापर्यंत किती पोचतात ते मी अंदाजाने ठरवलंय, फक्त तुमच्या नियमाला धरून. एकवाल्यांत शंभरात २, दोनवाल्यांत ६, तीनवाल्यांत १५, चारवाल्यांत ३०. पाचला वतन, म्हणून एकदम ९०. पुढे सगळेच. मग पीठात दिसतात ७, १४, २०, २४, ४१, २५, १४, ८, ४, २, १, १.

पाचवर शिखर, दुसरा नंबर सहाचा. गुरूंचं वाक्य अक्षरशः खरं. बेरीज १६१, आणि भाग ५ मध्ये तुम्ही 'दीडशेच्या वर' लिहिलंय. मी टक्के थोडे इकडे-तिकडे ओढलेत हे कबूल, पण फार नाही.

चूक तुमची नव्हती, गुरूंची होती. ते पेटीत डोकावून झाडाबद्दल बोलत होते.

पेटीवाला | रविवार, रात्री ११.००

आमचे पण असेच बोलतात. दलाली सुटत नाही.

खाडीपूल | रविवार, रात्री ११.०२

थांबा थांबा. ९०० मधून १६१ गेले. बाकीचे ७३९ कुठेत?

पारसिकचा_बोगदा | रविवार, रात्री ११.०६

घरी. शून्य म्हणून नोंद होऊन.

लाटकर | रविवार, रात्री ११.३०

आणि त्यांच्यातले ३५३ एकवाले, २१२ दोनवाले. पण चारवाल्यांचेही ५५ जण आहेत आणि पाचवाले पाच. पाचवाली घागर उचलते, लक्षात ठेवा. पीठाने ४१ भागांत गडाला वेढा घालायला जितके साधक जमवले, त्यापेक्षा साडेचारपट तेजवाले खाली गावांत भात लावतायत.

उपवनकाठ | सोमवार, पहाटे १२.४०

७३९. आणि मी त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. अकरा ओळी सोडून.

त्या आईला आता नाव द्यायला हवं. सुचवा कोणीतरी.

खाडीपूल | सोमवार, सकाळी ८.१०

केतला. (आधीच माफी.)

यावर कट्टा झालाच पाहिजे. तलावपाळीला भेटू, मग मिसळ. मिसळ कुठली यावर वेगळा धागा काढा, इथे रक्तपात नको.

मोगरा_७८ | सोमवार, सकाळी ९.३५

नाव तुम्हीच ठरवा. मला कालपासून एकच गोष्ट सुचतेय, ती लिहून टाकते.

दुसरा भाग काल परत वाचला. ती बाई समईपुढे वाकते, नमस्कार केल्यासारखं करते, आणि वात दाबते ती वरून नाही, तळाशी, तेलाच्या जरा वर. वरून ओली केली असती तर चरचरली असती, पीठाच्या माणसाला ऐकू गेलं असतं. मी रोज देवापुढे दिवा लावते, मला ते पटलं. पण तिला कसं ठाऊक? समई तेराव्या वर्षी एकदाच समोर येते. चुकून बघायला दुसरी संधी नाही.

तिच्या वेळी तिच्या आईने केलं असणार.

निवृत्त_पर्यवेक्षक | सोमवार, सकाळी १०.२०

मोगराताई, ३४ वर्षांत असा प्रतिसाद वर्गात मिळाला असता तर मी तास सोडून दिला असता. तेज जर उंचीसारखे घराण्यातून येत असेल, तर त्या बाईची स्वतःचीही एखादी वात पेटत असण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. किती जास्त, ते बोगदा काढतील.

उपवनकाठ | सोमवार, सकाळी १०.४५

नका काढू. ४२वा भाग तिच्या समईपासून सुरू करते, ती तेरा वर्षांची असतानाच्या. या शुक्रवारी होणार नाही, पुढच्या नक्की.